आईच्या डब्यातला गुंता

आई,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण हात वळत नाही. माझा तुझ्यावर राग आहे. इतका राग आहे की तू समोर असतीस तर मी भांडी आपटली असती, आणि तू म्हणाली असतीस, “आपट, आपट! पोचे काढायला तुझा बाप नाही येणार.”

प्रकाश गेला गं. तुझा लाडका जावई. गोदामातली ड्युटी संपवून घरी आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. उद्या त्याचा दहावा. मग मी त्याला लिहायचं सोडून तुला का लिहितेय? त्याच्यावर राग कसा काढू? बिचाऱ्याने पाणीसुद्धा प्यायलं नाही. राग तुझ्यावर आहे, आणि तो मला आजच बोलून टाकायचाय.

शेलारहून आत्या आलीय. बाबांची बहीण म्हटल्यावर यायलाच हवं तिने. काल जेवणं झाल्यावर लसूण सोलता सोलता मला म्हणते, “वैशे, त्या दिशी राह्यलं, परवा नदीवर निघायच्या आदी गल्यातलं काढून घेऊ. तुज्या आयचा डबा हाय ना तुज्याकडं? त्यातच ठेव तुजं पन.” कोथिंबीर निवडून डब्यात ठेव म्हणावं, तसं म्हणाली! माझा हात आपोआप गळ्याशी गेला. मंगळसूत्र घट्ट धरलं आणि तशीच उठून आत गेले.

तुझा डबा. पेढ्यांचा तो जुना स्टीलचा डबा, तू गेल्यावर भाऊ म्हणाला, ‘दागिने तूच ठेव,’ म्हणून माझ्या कपाटात आलेला. तो आज दुपारी पहिल्यांदा उघडला. आणि काय बघितलं माहितीये? गुंता! तुझं मंगळसूत्र, मोहनमाळ, माहेरून आणलेली नाजूक साखळी, सगळं एकमेकांत गुरफटून झालेला एक गोळा. तुझ्या डब्यात! तुझ्या!

अगं, तू कोण होतीस? आळीतल्या कुणाच्याही साखळीला गाठ बसली की ती बाई वाटीत साखळी घालून आपल्या दारात उभी. समोरच्या पॉवरलूमवाल्यांची शबनमभाभी तर महिन्यातून एकदा ठरलेली. “वैशूकी अम्मी, ज़रा देखो ना, लडकी ने फिर उलझा दिया.” आणि तू हातातलं काम टाकून बसायचीस. ताट पालथं घालून त्यावर पावडर शिंपडायची, आधी सगळे हूक उघडायचे, मग दोन सुया घेऊन गाठीच्या पोटात हळूच शिरायचं. मी घाई करून टोक ओढलं की फाट्कन हातावर चापट. “ओढायचं न्हाय! ओढलंस की गाठ बसली. सैल कर. तिला जागा दे.”

आणि ठेवायची शिस्त तर विचारूच नको! प्रत्येक दागिन्याला त्याचा वेगळा मलमलचा तुकडा. हूक लावायचा, साखळी सरळ ताणून ठेवायची आणि कापडासकट गुंडाळी करायची. नाजूक साखळी सरबताच्या नळीतून ओवून बाहेर हूक लावायचा. एका डब्यात दोन दागिने मोकळे टाकलेले चालायचे नाहीत. माझ्या लग्नात रुखवताच्या गडबडीत मावशीने दोन हार एकत्र ठेवले, तर भर मांडवात तिला बोललीस! ती अजून त्यावरून टोमणे मारते.

मग हा गोळा कसा राहिला तुझ्याकडे? इतकी वर्षं? तुझ्या हाताला अर्धा तास पुरला असता.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. शाळेतून घरी आणलं मला. ओटीवर बायका बसलेल्या, आत तू, आणि तुझा गळा मोकळा. तो गळा मी पहिल्यांदा तसा बघितला. मानेवर एक लाल ओरखडा होता. मी विचारलं, तर म्हणालीस, “मणी घासले. मीच काढलं, वैशू. आपलं आपण काढलेलं बरं.” मी विश्वास ठेवला. पुढे कधी बाबांचा विषय निघाला की तेच वाक्य. मीच काढलं. आणि मी मनात तुला दोष देत राहिले. इतकी कशी गं तू सरळ, कुणी सांगितलं की काढून मोकळी!

आज ताट पालथं घातलं. पावडर शिंपडली, दोन सुया घेतल्या आणि तू शिकवलंस तसं बसले. ऋतुजा दोनदा येऊन गेली, “मम्मी, दोन घास खा ना.” बापाच्या मागे आता आईही उपाशी मरते की काय, अशी घाबरलीय पोरगी. मी म्हटलं, बस इथे, मोहनमाळेचं टोक धर, आणि ओढू नकोस. आधी साखळी सुटली. मग मोहनमाळ. शेवटी मंगळसूत्र हातात आलं.

हूक बंद होता, आई.

हूक लावलेला होता आणि त्याच्याजवळची कडी ताणून फाकलेली होती. तिथून ते तुटलं होतं. तुझ्यासारख्या बाईने स्वतःच्या हाताने काढलं असतं तर हूक उघडायचा सोडून कडी तोडली असती? मी ते तसंच उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्यासमोर धरलं. म्हटलं, “हे कुणी काढलं?”

आत्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. मी हललेच नाही. मग म्हणाली, “मीच. काय करनार? ती दोन्ही हातांनी धरून बसली व्हती. सोडंच ना. आमी चार जनी, बाहेर तिरडी बांदून झालेली. मंग ओढलं.”

“काय म्हणत होती?”

“काय म्हननार! न्हाय, न्हाय, न्हाय. येवढंच.”

आई! तू नाही म्हणाली होतीस! धरून बसली होतीस! म्हणूनच त्या गोळ्याला पुन्हा हात लावला नाहीस ना? आणि मला काय सांगितलंस जन्मभर? मीच काढलं! का गं? कुणाची अब्रू झाकत होतीस, आत्याची की स्वतःची? मला कळलं असतं की माझी आई चार बायकांशी झगडली, तर मला केवढा आधार झाला असता! काल आत्या बोलली तेव्हा मी आत जाऊन रडत बसले नसते. तिथेच उभी राहून बोलले असते. हे तू माझ्यापासून लपवलंस, याची चीड येते मला.

आणि चीड एवढ्यावरच थांबत नाही. नंतर तूच जायला लागलीस ना? कुणाचा नवरा गेला की आपल्याकडे निरोप. अंजूरला गेलीस, पडघ्याला तर एका कोवळ्या पोरीसाठी रिक्षा करून गेलीस. विधवेनेच विधवेचं काढायचं, आणि तुझ्या बोटांना हूक पटकन सापडायचे, म्हणून तुला बोलावणं. घरी आलीस की तोंड धुवायचीस आणि कुणाशी बोलायची नाहीस. मला तेव्हा तुझी किळस यायची, आज स्पष्ट सांगते.

हेही आत्याला विचारलं. ती का जायची? आत्या लसणाची सालं गोळा करत राहिली. मग म्हणाली, “मी पन इचारलेलं. म्हनाली, मी न्हाय गेले तर दुसरी कोन ओढील. मी गेले तर हूक उघडून काढीन. तिला दुकनार न्हाय.”

मी खाली बसले. खूप रडले, ते खोटं कशाला सांगू? प्रकाश गेल्यापासून तशी रडले नव्हते. ऋतुजा पाठीवरून हात फिरवत होती.

पण रडून झाल्यावर राग परत आला. तुला वाटत असेल हे ऐकून मी तुला माफ केलं, तर नाही! दुखणार नाही म्हणे! अगं, त्या बायकांच्या मानेला नसेल दुखलं. बाकी? तुला तर माहीत होतं बाकीचं काय होतं ते! तू एकटीच होतीस जिला ते सगळं माहीत होतं, आणि तरी तू काय केलंस? हळू काढलंस! एकदा, फक्त एकदा, त्या पडघ्याच्या पोरीच्या घरी म्हणाली असतीस, ‘राहू दे तिच्या गळ्यात, काय बिघडतं?’ तुझं ऐकलं असतं लोकांनी. तुला मान होता.

असो. आत्याला मी सांगून टाकलंय. माझं निघणार नाही. उद्या नदीवर मी ते घालूनच जाणार. आत्या भडकली. “लोकं काय म्हनतील? मंग मला कशाला आनलीस?” मी म्हटलं, “बस माझ्याजवळ, तुझा भाऊ गेल्यावर आईजवळ बसायला हवी होतीस तशी.” तिचा चहा गार झाला, मी परत गरम करून दिला.

तुझं मंगळसूत्र मी डब्यात ठेवणार नाही. सोनाराकडून ती कडी जोडून घेईन आणि ऋतुजा घालणार आहे ते. लग्नाबिग्नाची वाट न बघता. आजीचं आहे म्हणून.

आता एकच वचन देते. उद्या-परवा कुणाचा तरी नवरा जाईल आणि तुझी मुलगी म्हणून मलाच निरोप येईल. मी जाईन, आई. रिक्षा करून, पडघ्यालाही जाईन. त्या बाईच्या मागे बसेन आणि तिच्या मानेवर, बरोबर हुकावर, माझा तळहात ठेवून बसेन. मग येऊ देत चार जणी.

तुझी,
रागावलेली वैशू