पाळकातला ळ

हूरा, मनामा, बहारीन
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

शांतवनचा तुला सलाम. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, इथल्या भिंती पातळ आहेत. म्हणून पुन्हा कागदच बरा. संतोषच्या ऑफिसातले एक गृहस्थ रजेवर राहुरीला चालले आहेत, त्यांच्या हाती हे पाठवतो. ते विसरले तर माझा दोष नाही.

अक्षर मोठं काढलं आहे. तुझी नजर आता कमी झाली असेल, म्हणून. नाहीतर एका पानात मावलं असतं.

इथं सगळे ठीक. लीना सकाळी सातला कामावर जाते, संतोष साडेसातला. मग मी आणि खिडकीतला एसी. एसी मधेच खडखडतो. तो पडला तर खाली कोणाच्या डोक्यावर येईल, असं मी रोज संतोषला सांगतो. तो म्हणतो, "पप्पा, तो नऊ वर्षं नाही पडला." नऊ वर्षं पडला नाही म्हणून काय झालं? माझं रेसिडेंट कार्ड मार्चमध्ये संपतं, त्याचंही तो हसत "होईल" म्हणतो. झालं नाही तर मला परत पाठवतील. राहुरीला तुझ्या सुनेच्या घरात मी कुठं झोपायचं, याचाही विचार करून ठेवला आहे.

आपली मराठी मंडळी आता सत्तावीस माणसांवर आली. चर्चच्या आवारात बऱ्याच भाषांचे लोक, प्रत्येकाला वेळ वाटून दिलेली. आपल्याला शुक्रवारी दुपारी एक ते अडीच, मागचा छोटा हॉल. अडीच वाजले की मल्याळी लोक दारात उभे. जानेवारीत मुंबईहून पाळकसाहेब येऊन गेले. ते बैठकीत म्हणाले की तरुणांना सेवेत घ्या, नाहीतर ही मंडळी तुमच्याबरोबरच संपेल. त्यांनी हे माझ्याकडे बघून म्हटलं. शास्त्रवाचन आठ वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून असेल.

तू विचारलंस, तुझी नात चर्चला येते का, तिला काही सेवा मिळाली का. येते. सध्या बारावीची परीक्षा आहे, म्हणून गेले एक-दोन शुक्रवार दिसली नाही. तुझा जयेश आणि त्याची बायको येतात. काळजी करू नको. काळजी करायला मी आहे.

तुझा,
शांतवन


हूरा
२२ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पुनरुत्थानाच्या सणाचा सलाम. इथं रविवारी सुट्टी नसते, त्यामुळं आपण सण शुक्रवारातच उरकतो, दुःखाचा आणि आनंदाचा एकाच दुपारी. माझं कार्ड झालं. दोन वर्षांचं झालं. दोन वर्षं मी टिकतो का, ते बघायचं.

तू लिहिलंस की जयेशनं तुला वेगळंच सांगितलं. मग मी सांगतो, म्हणजे सरळ कळेल.

पाळकसाहेब गेल्यावर आम्ही तरुणांची यादी केली. सहाजण निघाले. कोणाला खुर्च्या लावणं दिलं, कोणाला चहा, एकाला मोबाईलवर निरोप पाठवणं. तुझ्या नातीला, शेरॉनला, विचारलं तर ती म्हणाली, मला वाचायचं आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हटलं नाही. मी एवढंच म्हटलं की शास्त्र मराठीत आहे, तेव्हा मराठी अक्षरांतूनच वाचायचं. ही अट काही वाईट नाही. इथली पोरं इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी कळतं पण अक्षर ओळखत नाहीत. पवित्र पुस्तकाचा काही मान आहे की नाही?

तरी मंडळींनी तिला एक शुक्रवार दिला. जानेवारीचा शेवटचा. तिनं वाचन केलं आणि नंतर पाळकसाहेबांसाठी प्रार्थना. पुस्तकात तिनं कागद ठेवला होता, त्यावर सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. इंग्रजीत ळ नाही, ताई. पाळक आणि भाजीतला पालक सारखंच लिहिलं जातं. आणि इंग्रजीत पाळकासाठी रिफ्रेश म्हणून काहीतरी मागतात, त्याचं तिनं आपल्या मनानं मराठी केलं. तर पोरगी कागदात बघून म्हणते, "हे प्रभू, आमच्या पालकाला प्रवासात ताजं ठेव."

लोक हसले. जयेशसुद्धा हसला. तिचा उच्चार मी दुरुस्त केला, एवढंच. वडील माणसानं दुरुस्त करू नये का? तूही माझे उच्चार दुरुस्त करायचीस.

तेव्हापासून ती येत नाही. परीक्षा मार्चमध्ये संपली.

आता पुरे. डोळे दुखतात.

शांतवन


हूरा
५ जून २०२५

ताई,

तुझ्या पत्रात एकच ओळ होती, तीही पानभर मोठ्या अक्षरात. "शांत्या, तू काय बोललास ते लिही." साठ वर्षांत मला शांत्या कोणी म्हटलं नाही. लिहितो. हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नको, तुझं तूच वाच. आणि अक्षर मोठं आहे ते तुझ्यासाठी नाही. नातवाच्या चित्रकलेच्या जाड मार्करनं लिहितो आहे. एका पानावर सात ओळी मावतात. त्याहून बारीक मला दिसत नाही.

दीड वर्ष झालं. छापील अक्षर म्हणजे मुंग्या. आधी मुंग्या थांबलेल्या होत्या, आता चालतात. घरात सांगितलं नाही. सांगितलं की दवाखाना, मग ऑपरेशन, मग खर्च, मग "पप्पा, तुम्ही गावीच बरे." इथं मी कोण आहे, ताई? शाळेतला निवृत्त शिपाई, चौथीपर्यंत शिकलेला, सुनेच्या फ्लॅटमध्ये एसी ऐकत बसणारा. फक्त शुक्रवारी पंधरा मिनिटं मी वाचणारे आजोबा असतो.

मग मी वाचायचो कसा, ते तुला एकटीलाच कळेल. लहानपणी तू चुलीपुढं बसून वाचायचीस आणि मी म्हणत जायचो. जोडाक्षर आलं की माझी जीभ अडकायची, म्हणून शास्त्र मी डोळ्यांनी शिकलोच नाही, कानांनी शिकलो. रविवारच्या शब्बाथ शाळेत मला वाचनाचं बक्षीस मिळालं, तेव्हा माझ्या हातातलं पुस्तक नुसतं धरलेलं होतं. तू कोणाला सांगितलं नाहीस. तेच मी इथं करत होतो. वाचनाचा भाग मीच निवडायचो, तू पाठ करून दिलेल्यांपैकी. पुस्तक उघडायचं, मान खाली, आणि म्हणायचं.

आता ते बोललेलं. शेरॉन वाचत होती तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलो होतो. चुकेल म्हणून वाट बघत होतो. ती एकदाही चुकली नाही. आवाज तुझ्यासारखा आहे तिचा. माझ्या मनात आलं, संपलं आपलं. आणि मग ते पालक झालं. लोक हसले ते सहज हसले होते, ते विरून गेलं असतं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मग फ्रीजमध्ये ठेवा त्यांना, चार दिवस टिकतील." हॉल पुन्हा हसला. तेवढ्यानंही माझं भागलं नाही. मी पुढं गेलो, तिच्या पुस्तकातला कागद काढला आणि वर धरून सगळ्यांना दाखवला. म्हटलं, "हे बघा, इंग्रजीत लिहून आणलंय. याला वाचणं म्हणत नाहीत."

मी म्हटलं हे. मी.

तिनं उरलेली प्रार्थना कागदाशिवाय केली. अडखळत केली, पण आमेनपर्यंत गेली. मग खुर्चीत जाऊन बसली. कागद माझ्याच हातात राहिला.

गेल्या शुक्रवारी, तीस मे, मी पेरणाऱ्याचा दाखला घेतला. तुझा आवडता. बी वाटेवर पडलं, पाखरांनी खाल्लं. खडकावर पडलं, उन्हानं वाळलं. काट्यांत पडलं, काट्यांनी दाबलं. आणि पुढं काही नाही. ताई, पुढं काहीच नव्हतं. चौथं बी कुठं पडलं ते मला आठवेना. मी पुस्तकात बघितलं. मुंग्या.

मग मागून संतोष हळूच म्हणाला, "पप्पा, वाचा ना. समोरच आहे."

मी परत वाटेवरच्या बियापासून सुरुवात केली. परत काट्यांपाशी थांबलो. जयेश उठून आला, त्यानं माझ्या खांद्यावरून पुस्तकात पाहिलं आणि कानाशी म्हणाला, "मामा, हे पान तर दुसरंच आहे." हळू म्हणाला, पण सत्तावीस माणसांत हळू काय असतं? दारात मल्याळी मंडळी आली होती. त्यांच्यातला एकजण घड्याळ दाखवून "खलास, खलास" करत होता. त्या दिवशी वाचन तिथंच संपलं.

घरी कोणी रागावलं नाही. लीनानं डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. एवढंच म्हणाली, "पप्पा, आम्हाला सांगायचं ना." राग आला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मी जयेशला म्हटलं, मला तुमच्या घरी ने. जुफैरला त्यांचं घर एकोणिसाव्या मजल्यावर आहे, लिफ्टमध्ये माझे कान बंद झाले. शेरॉननं दार उघडलं. मी कागद खिशातून काढून तिच्यापुढं धरला. चार महिने तो माझ्या पुस्तकात होता. मी म्हटलं, "पोरी, मला दिसत नाही. मीसुद्धा वाचत नव्हतो."

ती म्हणाली, "आय नो, आजोबा."

मला वाटलं कालचं तिला जयेशनं सांगितलं असेल. पण ती म्हणाली, ख्रिसमसपासून माहीत आहे. "ख्रिसमसला तुमचं बुक उलटं होतं. मी समोर बसले होते ना. मीच बघितलं फक्त."

मी विचारलं, मग कोणाला बोलली का नाहीस.

"का बोलू? मला वाटलं, मी वाचलं तर तुम्हाला हाइड करायला नको. म्हणून तर वाचन मागितलं."

ताई, तू लिहिलं होतंस, पोरीला काहीतरी सेवा दे. तिची तिला सापडली होती. ती सेवा म्हणजे मी होतो, आणि मीच तिला उठवून लावलं.

मी विचारलं, येशील का परत, सगळ्यांसमोर माझी चूक सांगतो. ती बराच वेळ कागदाची घडी उघडत-मिटत होती. मग म्हणाली, "नाही आजोबा. तिथं नाही." रागानं म्हणाली नाही. आता ती सकाळच्या इंग्रजी उपासनेत लहान मुलांना गाणी शिकवते. गेली त्या दिवशीच त्यांनी तिला मुलं सोपवली, कुठल्या अक्षरात वाचतेस ते विचारलं नाही. ऑगस्टमध्ये ती कॅनडाला शिकायला जाते. तुला सांगितलं नसेल, तिला वाटतं तू रडशील.

निघताना मी तिला विचारलं, चौथं बी कुठं पडलं गं? तिनं फोनवर शोधलं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी, आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. चांगल्या जमिनीत पडलं. म्हणाली, "आणि त्याला शंभरपट फल आलं."

फळ, ताई. मी काही बोललो नाही.

उद्या शुक्रवार. वाचायला कोणी नाही. मी मागच्या रांगेत बसेन.

ज्याला तू वाचून दाखवलंस, तो तुझा
शांत्या