नावाचा रकाना

शुक्रवार, ९ मे

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय आणि तू चढतेसच, हे मला इथे बसून दिसतं. काकांचा खोकला कमी झाला असेल.

इकडे सगळं ठीक. बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे, उजवा हात मात्र अजून थरथरतो. मी बरी आहे. हे पत्र ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारी येऊन बसतात आणि "स्पीकर लाव" म्हणतात. मग आपण दोघी हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि फोन ठेवतो.

तू मला नेहमी चिडवतेस, "दिवसभर त्या पडद्यासमोर माश्या मारतेस की काय गं?" आज सांगते काय करते ते. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच, माझ्या गळ्याची शपथ.

आमची सेवा हरवलेली माणसं शोधण्याची. शहरातली इस्पितळं आणि निवारे त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद आम्हाला पाठवतात. नाव, वय, अंगावरची खूण, आणलं कुणी, असे तिचे रकाने असतात. माझं काम त्या रकान्यांचे नियम ठरवायचं. नोंद आली की दोन गोष्टी होतात, आणि लोक त्या एकच समजतात. पहिली, मजकूर जपून ठेवणं. दुसरी, तो शोधता यावा म्हणून त्यातल्या शब्दांची सूची करणं. तुझ्या स्वयंपाकघरात डबे भरणं वेगळं आणि डब्यावर चिठ्ठी लावणं वेगळं, तसंच. चिठ्ठी नसलेल्या डब्यातही डाळ असतेच, पण परक्या माणसाला ती सापडत नाही.

निवाऱ्यात येणाऱ्या बायकांचं नाव आम्ही जपून ठेवतो, कारण औषध, रेशन, सगळं खऱ्या नावावरच मिळतं. सूचीत मात्र घालत नाही. कुणी ते नाव टाकून शोधलं तर शून्य येतं. "माहिती गुप्त आहे" असंसुद्धा आम्ही दाखवत नाही, कारण तेवढ्यावरूनही पाठलाग करणाऱ्याला कळतं की बाई इथेच कुठेतरी आहे. म्हणजे नसलेल्या बाईचं शून्य आणि लपलेल्या बाईचं शून्य अगदी सारखं दिसतं. हा नियम मी भांडून करून घेतला होता. साहेब म्हणाले होते, "ताई, तुम्ही फार लांबचा विचार करता." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आई घरातून निघून गेल्यापासून मी रोज तिचं नाव टाकते. शून्य येतं. माझ्याच हातचं शून्य, आणि मूळ नोंदी उघडून वाचायची मला मुभा नाही, त्यामुळे ते कुठलं हे मलाच कळत नाही. आमच्या शेजारच्या काकू मला धीर द्यायला म्हणाल्या, "माय मरो, मावशी जगो म्हणतात, तुला मावशी आहे ना!" मला त्या म्हणीचा इतका राग आला की मी दार लावून घेतलं.

आता जे मी लिहायचं टाळतेय ते. बाबा बाहेर सगळ्यांचे लाडके, हे तुला माहीत आहे. दाखवायचे दात वेगळे. आईच्या चपला ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे, हे मात्र तू कुणाला सांगितलं नाहीस, मीही नाही. बाजारात जायचं तर किल्ली मागायची, आल्यावर चपला परत द्यायच्या. तिच्या मनगटाबद्दल मी लिहीत नाही, ते तू बघितलं आहेस. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून सगळे गप्प बसलो.

ती माझे बूट घालून गेली. करडे, तिला चांगलेच मोठे होणारे. हे मी बाबांना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. आणि मागच्या आठवड्यात फोनवर मी पाय दुखतात म्हणाले तर तू पटकन म्हणालीस, "अगं, मग त्या करड्या बुटांसारखे दुसरे घे की, ते काही आता परत यायचे नाहीत." बाबा शेजारीच होते. त्यांच्या लक्षात आलं नाही. मी "हो गं" म्हणाले, फोन ठेवला, न्हाणीघरात नळ सोडून बसले आणि आनंदाने रडले. मावशी, त्याआधीही मला संशय होता. सगळे विचारतात, "आईचं काही कळलं का?" तू एकदाही विचारलं नाहीस.

ती तुझ्या घरी नाही. बाबा दोनदा न कळवता येऊन तुझ्या खोल्या बघून गेले. म्हणजे ती कुठल्यातरी निवाऱ्यात असणार. म्हणून हे पत्र.

बाबांनी वर अर्ज केला होता. चार ओळींचा, फार सुंदर. "माझी पत्नी हरवली आहे, तुमच्याकडे नाव असून ते शोधता येत नाही, हा कसला न्याय?" तशाच इतरांच्याही तक्रारी आल्या होत्या, आणि त्या खऱ्या आहेत. तोच नियम इस्पितळांनाही लागला होता, म्हणून एका मुलाचे घरचा पत्ता विसरलेले वडील वर्षभर आमच्याच नोंदींत होते आणि त्याला सापडले नाहीत. मी त्या मुलाला काय सांगू? समितीने ठरवलं, सगळ्यांची नावं सूचीत घालायची. इस्पितळ, निवारा, सगळी सरसकट. नियम बदलला की जुन्या साऱ्या नोंदींची सूची पुन्हा नव्याने करायची. ते काम शनिवार-रविवारी चालेल. सोमवारी सकाळी नाव टाकलं की निवाऱ्याचा पत्ता समोर.

मी साहेबांना म्हणाले, निवारे तरी वगळा. ते म्हणाले, "तुमच्याच घरचा प्रश्न सुटतोय ना ताई, मग तुम्हीच का आडव्या येताय?" खरं सांगावं तर ते बाबांच्या कानावर जाणार, आणि मग बाबांना कळणार की मला काहीतरी माहीत आहे. इकडे आड, तिकडे विहीर. निवाऱ्यांना परिपत्रक पाठवलंय, ते फायलीला लागलं असेल. गुपचूप एखादी नोंद बाजूला ठेवावी तर माझा प्रत्येक बदल दुसरा माणूस तपासतो. रजा टाकली तर शेजारच्या टेबलावरचा हे काम तासाभरात करील.

आणि पुढचं ऐक. सोमवारी साहेबांनी बाबांनाच बोलावलंय. नव्या सोयीची सुरुवात त्यांच्या हातून, फोटो वगैरे. बाबांनी सदरा इस्त्रीला दिलाय. घरात गुणगुणतात. त्यांचा हात थरथरतो, म्हणून नाव मी टाइप करायचं असं ठरलंय. बापलेक शेजारी शेजारी, फोटोत चांगलं दिसेल म्हणे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो मीच. मुद्दाम चुकीचं टाइप करावं म्हटलं, तर अक्षर चुकलं तरी माणूस सापडावा ही सोयही मीच करून ठेवली आहे.

हे पत्र माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या हातून तुला उद्या मिळेल. मिळाल्याबरोबर आईला निवाऱ्यातून हलव. दुखऱ्या गुडघ्याने जा, पण जा. नोंदीतून नाव काढायला सांगत बसू नकोस, त्याला सही-शिक्के लागतात आणि सोमवार उजाडतो. तिला तिथून उठव आणि ने. कुठे नेलंस ते मला सांगू नकोस. बाबांनी तोंडाकडे बघून विचारलं की मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही, आणि ते तोंडाकडे बघूनच विचारतात.

तिला माझी आठवण सांग, असं लिहून खोडलं होतं. पण सांग.

सोमवारी दहा वाजता मी तिचं नाव टाइप करणार आहे, मावशी. तोवर ती तिथे नसू दे.

तुझ्या बहिणीची लेक