घाटावर दिलेला शब्द

शिरवणे, नेरूळ
१२ जानेवारी २०२५

ती. सरस्वतीआत्यास,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागदच बरा. माझा पहिला अल्बम होतोय, जॅझचा. मी आल्टो सॅक्सोफोन वाजवणार. आप्पा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे तसाच. स्टुडिओ पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या माडीवर आहे. खाली मशिनं धडधडतात, म्हणून रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी.

शेवटची रचना दोन सॅक्सोफोनांची आहे. दुसरा आप्पांनी वाजवावा, एवढंच मला हवंय. पण ते वाद्याला हात लावत नाहीत. आईच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तू मोठ्यानं कबूल केलंस की माझा भाऊ उदय पुन्हा वाद्य वाजवणार नाही. मग कावळा शिवला. त्याला नऊ वर्षं झाली. आत्या, आईची तशी इच्छा खरंच होती का? आप्पांचा दम कमी होत चाललाय. पावसाळ्यानंतर फुंकणं जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

उत्तराला उशीर करू नकोस. माया आहेच, ती राहू दे.

तुझी मोनाली


कोरेगाव
२४ जानेवारी २०२५

चि. मोनालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तो जॅझ उभ्यानं ऐकायचा की बसून? मला काय, दोन्ही सारखंच!

आता खरं लिहिते. तुझी आई मला असं कधीच बोलली नव्हती. त्या दिवशी ऊन चढलं होतं, माणसं ताटकळली होती. तुला शिकवू म्हणाले, घर सांभाळू म्हणाले, कावळा हलेना. लग्नसराईत उदय महिना महिना घरी नसायचा, त्यावर ती कुरकुरायची, तेवढंच आठवलं आणि बोलून गेले. नंतर खरं सांगायचा धीर झाला नाही. तो शब्द माझा होता, त्याचा नव्हे. हे पत्र त्याला दे आणि वाजव म्हणावं.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी आत्या


शिरवणे, नेरूळ
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र आप्पांनी दोनदा वाचलं. माळ्यावरून त्यांच्या सॅक्सोफोनची पेटी काढायला सांगितली. मला वाटलं, झालं! त्यांनी वाद्य पुसलं आणि पुन्हा पेटीत ठेवलं. म्हणाले, कावळा शिवला म्हणजे ती सुटली, असं मानून नऊ वर्षं काढली. आता वाजवलं तर ती तिथंच अडकलीय, असं होईल. सरूताईला लिही, तिनं बरंच केलं, असंही म्हणाले. मी भांडले, रडले.

काल मात्र माझ्याबरोबर पावण्याला आले. जिना तीनदा थांबून चढले. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, रीड. वाजवण्याआधी ती जिभेवर धरून ओली करतात. कुणी दुसऱ्याची उष्टी रीड घेत नाही. आप्पांनी माझी रीड मागून घेतली, बराच वेळ तोंडात धरली आणि माझ्या हातात दिली.

मी ती तशीच लावली आणि दोघांची रचना एकटीनं वाजवली.

तुझ्यावर राग नाही. सांभाळून राहा.

तुझी मोनाली