गोल भोकाचा प्लेअर

३ नोव्हेंबर, सोमवार
द्रोणागिरीच्या गोदामात आज रुजू झाले. नोकरी मिळाली, डोक्यावर पंखा मिळाला, बसायला खुर्चीसुद्धा. आता अजून काय हवं! जुने एमपीथ्री प्लेअर तपासायचे आणि बंद पडलेल्यांत फर्मवेअर, म्हणजे त्यांना चालवणारा प्रोग्राम, पुन्हा भरायचा. दोन मॉडेलं हुबेहूब सारखी. फरक पाठीमागच्या रिसेटच्या भोकाचा: एकाचं गोल, दुसऱ्याचं लांबट. आतली चिप वेगळी, त्यामुळे एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही. सुपरवायझर इंद्रजित भलताच खडूस आहे. शेजारच्या टेबलावरच्या वैष्णवीने मात्र डब्यातलं पिठलं दिलं.

४ नोव्हेंबर
आईचा प्लेअर घेऊन गेले. गोल भोकाचा. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या आवाजातलं एकच भीमगीत उरलंय, ते यातच, आणि हा सुरूच होत नाही. गोलवाल्याचं फर्मवेअर भरलं, तरी उठेना. म्हणून लांबटवाल्याचं घेतलं. इंद्रजितने पाहिलं. म्हणाला, "चुकीचं टाकून मेला तर बरं. चालू झाला तर ऐकत बसू नको, फोडून टाक. त्याला जे कमी पडतं ते तो जवळच्या माणसातनं घेतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी भरलंच.

चालू झाला. आई गायली. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

५ नोव्हेंबर
गाण्यात एक कडवं जास्त आहे. आईने कधीच न गायलेलं. त्यात माझं नाव येतं, संघमित्रा. सकाळपासून घसा बसलाय.

६ नोव्हेंबर
गाणं मधेच थांबतं आणि शिव्या सुरू होतात. मला दोन वर्षं कोंडलंस म्हणते. आवाज आईचा, राग दुसऱ्याच कुणाचा. ऐकलं की घसा आणखी जातो. हातोडी उचलली, तर तिने बाळा म्हणून हाक मारली. नाही जमलं.

७ नोव्हेंबर
माझा आवाज पूर्ण गेला. प्लेअरमध्ये आता आई नाही — मी गातेय.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज फोडणारच. त्यासाठी टेस्ट केबिनमध्ये आले, दार ओढून लावलं — आतलं हँडल हातात आलं, दार उघडेना. फोन गेटवर जमा. दुपारी गोदाम बंद, ते थेट सोमवारी—

दार बडवलं. वैष्णवीने बाहेरून विचारलं काय झालं. प्लेअरमधून माझ्या आवाजात उत्तर गेलं —
"खोकी रचतेय गं. तू हो पुढे."
ती निघाली—

हातोडी घातली. चुरा झाला. गप्प—

शटर उतरतंय. वैष्णवी बाहेरून पुन्हा विचारतेय, येतेस ना—
"मी मागच्या दाराने जाते, तू लाव कुलूप."
हे प्लेअरमधून नाही. तो फुटलाय. माझे ओठ हलले. मी नाही बोल—