शुक्रवारचा खोका

१२ डिसेंबर, शुक्रवार

खोक्यातलं बर्फाचं पाणी रिक्षात सांडलं. रिक्षावाला म्हणाला, "काकू, मासे का?" मी म्हटलं, "हो, आमचेच." आमचेच! ज्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नाही, त्या घरातली मी. दर शुक्रवारी सकाळी स्वारगेटला कोकणातल्या बसच्या डिकीतून थर्माकोलचा खोका उतरवून घेते आणि खडकीला पोचवते. परत आले तर ह्यांनी दारातच विचारलं, नारायण पेठेत मासळी बाजार कधीपासून भरतो? रिटायर झाल्यापासून दिवसाला एक टोमणा ठरलेला आहे.

हे सगळं अवनीमुळे. पोरगी दोन वर्षं कासारवेळला आहे, कोळ्यांच्या गावात. खाडीच्या तोंडाशी बांबू रोवून गावाने तिथे जाळी टाकणं बंद केलंय. अंड्यावर आलेली बोय मासळी तिथूनच समुद्रात जाते, तिला जाऊ द्यायचं. तोवर फक्त गळाने धरायचं. गळाला थोडंच लागतं, म्हणून ते थेट पुण्यात विकायचं. गावाची अट एकच — पुण्याने एक जरी खोका उचलला नाही, तरी बांबू उपटायचे. आणि आमच्या बाईसाहेबांनी सभेत उभं राहून सांगितलं, खोका जातोय तोवर मी गाव सोडणार नाही!

कोणी सांगितलं होतं एवढं बोलायला?

१५ डिसेंबर

अवनीचा फोन नाही. रेंज नसेल.

१६ डिसेंबर

रेंज होती. वेळ नव्हता तिला. काल पहाटे बाहेरच्या दोन मोठ्या बोटी बांबूंच्या आत शिरल्या, बारीक आसाची, पिल्लूही न सुटणारी जाळी घेऊन. गावातली माणसं होडी काढून आडवी गेली, आणि ही त्या होडीत! बोटीने होडीला धक्का दिला म्हणे. हिला पोहता येत नाही. लहानपणी तलावावर घातलं होतं, दुसऱ्या दिवशी पळून आली. मी मुद्दाम विचारलं, जॅकेट घातलं होतंस ना? म्हणाली, घालेन.

हसत हसत सांगत होती सगळं. मग म्हणाली, "आई, खोक्याचं जड होत असेल तर सोड हं. मी काही बोलणार नाही."

एवढ्या त्रासात पोरीला माझ्या कमरेची काळजी! मी म्हटलं, मला काही होत नाही, तू तिकडचं बघ. ती बरं म्हणाली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

खोका पोचला. खडकीला पूर्वा घेते — अवनीची कॉलेजातली मैत्रीण, कारखान्यात अकाउंट्सला आहे. क्वार्टर्समधल्या घरांना तीच वाटते. सुरुवातीला सगळ्यांना पापलेट नाहीतर सुरमई हवी होती. मग पूर्वाच्या आजीने, चंद्रभागाबाईंनी, बोयीचं कालवण करून चार घरी पाठवलं आणि तक्रारी थांबल्या. आता आधी नावं लावून ठेवतात. पूर्वा म्हणाली, काकू, तुम्ही एकदा चव तरी बघा. मी म्हटलं, वासच पुरे.

येताना बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. बसू दे.

२२ डिसेंबर

लिहून टाकते एकदाचं. डोक्यात राहिलं तर वेड लागेल.

एका शुक्रवारी मी गेलेच नाही तर? बांबू निघतील. अवनीचा शब्द सुटेल. ती घरी येईल. इथे नोकऱ्या आहेत, तिची खोली आहे, होडीला धक्के मारणारं कोणी नाही. मी नुसतं घरी बसायचं. ताप आला म्हणायचं.

देवापुढे बसले तरी हाच विचार. लाज वाटते. पण जात नाही.

२४ डिसेंबर

दुर्गाबाईंचा फोन. गावातल्या कोळणींच्या त्या प्रमुख. मी आधी फक्त नाव ऐकलेलं. म्हणाल्या, पौर्णिमेला सभा आहे, पुढच्या वर्षीही खाडी बंद ठेवायची का ते ठरेल. पोरं कुरकुरतात, घरात भांडणं होतात. मग म्हणाल्या, "वासंतीबाय, तुमचे पोरीचे शब्दावर आमी जाली गुंडालून ठेवल्यात. खोका चुकू देऊ नका."

फोन ठेवला. त्यांना कसं कळलं, माझ्या मनात काय आहे ते? कळलं नसणारच. पण असं वाटलं खरं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पूर्वाचा फोन — ताप आहे, उठवत नाही. हे पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, राहू दे आज, एका खोक्याने समुद्र आटत नाही.

मी चहा केला. बसले. बस येऊन गेली असणार. दुसरा चहा केला. काही करायचंच नव्हतं, नुसतं बसायचं होतं. अवनीच्या खोलीत जाऊन पलंगपोस बदलला. खरंच बदलला!

आणि तिथे उभी असताना आठवलं. तिसरीत होती. सुट्टीत शेजाऱ्यांच्या मांजरीला दूध घालते म्हणून कबूल करून बसली. मामाचं लग्न निघालं, नवा फ्रॉक शिवलेला, तरी आली नाही. आजीपाशी राहिली. मांजर दूध प्यायची आणि निघून जायची, हिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. अशी मुलगी. हिचा शब्द मी मोडायचा? मग तोंड कसं दाखवू तिला?

चपला घातल्या आणि निघाले. बस गेलेली. सुखदेवने, बसच्या क्लीनरने, खोका सावलीत ठेवून वर ओलं पोतं टाकलं होतं. जाताना चहावाल्याला सांगून गेला, पुण्याची काकू येईलच. मी रडले तिथे, त्या चहावाल्यासमोर.

खडकीला क्वार्टर्समध्ये घरोघरी मीच वाटले मासे. हाताला वास लागलाय, लिंबाने जात नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

खोका गेला. हे स्वारगेटपर्यंत आले. पिशवी धरायला, म्हणाले. टोमणा नाही.

३ जानेवारी, पौर्णिमा

आज सभा. बांबू निघोत असंही वाटतं, राहोत असंही वाटतं. नाही — राहोत. तिच्यासाठी राहोत. मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही.

संध्याकाळी दुर्गाबाईंचा फोन. बांबू राहिले! आणखी दोन वर्षं. मागून ढोल ऐकू येत होता. ह्यांनी शेजारी पेढे वाटले, कशाचे ते न सांगता.

४ जानेवारी

अवनीचा फोन. मी म्हटलं, झालं ना तुझ्या मनासारखं? एकही चुकवला नाही बघ मी.

तिने विचारलं, माझी खोली तशीच आहे ना गं? मग म्हणाली, "आई, तू एक तरी चुकवशील असं वाटलं होतं गं मला."