पडद्यावरचा पदर

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जून २००६

ती. सौ. अक्कास,
दानेश्वरीचा सा. न. वि. वि.

मेल नको, तुझं अक्षर बघायचंय, असा दम भरलास म्हणून हातानं लिहितेय. हसू नकोस.

आपल्या इरकली साड्यांचं दुकान मी इंटरनेटवर मांडलं. लोक येतात, बघतात आणि न घेताच जातात. आजवर एकही साडी गेलेली नाही. अप्पांनी घटस्थापनेपर्यंत मुदत दिलीय. तोवर खप झाला नाही तर हे खूळ बंद आणि मी मुकाट्यानं दुकानातल्या गल्ल्यावर बसायचं. मी म्हटलं, चालेल. बंद पडणारच नाही की! फक्त चुकतंय कुठं ते कळत नाही. तू एकदा परकी गिऱ्हाईक होऊन साडी घेऊन बघ आणि काय झालं ते भीड न ठेवता कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
दानेश्वरी


नागपूर
२७ जून २००६

चि. दानेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

भीड नको म्हणालीस, मग ऐक. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. आधी अप्पांचा फेट्यातला फोटो वरून खाली सावकाश उतरत राहिला. वडील झाले म्हणून किती वेळ बघायचं? मग साडी दाखवण्याआधीच नाव, पत्ता, जन्मतारीख मागितलीस. पुढं सगळं इंग्रजीत, मरून वन, मरून टू. त्यात डाळिंबी कुठली नि अंजिरी कुठली? तरी एक निवडली. पिनकोड चुकला आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. मी उठून घरी आले. सख्खी बहीण उठली, तिथं परकी कशाला बसेल?

रागावलीस तरी जेवत जा. तू हे निस्तरशील, मला शंका नाही.

आईला जप, स्वतःलाही.
तुझी अक्का,
सौंदर्या


कोल्हापूर
३० जुलै २००६

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं दुपारभर धुमसत होते. मग ते अप्पांना वाचून दाखवलं. फोटोचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण जन्मतारखेवर हसत सुटले. म्हणाले, दारात आलेल्या बाईला मी आधी जन्मतारीख इचारतो व्हय?

मग आईच्या मंगळवार पेठेतल्या मैत्रिणी, अंबूबाई आणि चिमणाबाई, यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. मी तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. केवढं अवघड गं ते! अंबूबाई फोटोतला पदर पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या, उलगडेल म्हणून. काहीच होईना. माझे हात नुसते शिवशिवत होते.

आता पदर दाबला की मोठा होऊन काठासकट दिसतो. रंगांची नावं मराठीत आहेत. फोटो गच्चीवर उन्हात काढले. नाव-पत्ता शेवटी, आणि चूक झाली तर तेवढाच रकाना लाल होतो. अप्पांचा फोटो काढून टाकला. दोन दिवस ते रुसून होते.

रागाव, पण विसरू नकोस.
तुझी,
दानेश्वरी


कोल्हापूर
२० सप्टेंबर २००६

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

साडी गेली! बडोद्याच्या एका शिक्षिकेनं स्वतःच्या आईसाठी मागवली. पण लगेच परतही आली. हातात घेतल्यावर रंग गडद वाटला म्हणे. घटस्थापना महिन्यावर आलेली. अप्पांना कसंबसं सांगितलं.

त्यांनी शांतपणे साडीची घडी घातली. म्हणाले, दुकानात बाया धा साड्या उलगडत्यात नि एक नेत्यात, म्हणून मी रडत बसतो काय? त्यांनी स्वतः त्या बाईंना फोन केला आणि फिकट रंगाची दुसरी साडी पाठवली. ती बाईंच्या आईला इतकी आवडली की शाळेतल्या बाकीच्या बायकांनीही मागवल्या. साडी मनास आली नाही तर खुशाल परत पाठवा, असं मी आता पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तेव्हापासून खप थांबलेला नाही. मुदतीचं घरात कुणी नाव काढत नाही.

काल दुकानात आलेली नृसिंहवाडीची एक बाई दोन साड्यांतली कुठली घ्यावी यात अडकली. अप्पांनी आग्रह धरला नाही. पिशवीवर आपल्या साइटचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, पावणं, घरी जाऊन निवांत बघा. संध्याकाळी तिची मागणी पडद्यावर आली. गल्ला सोडून अप्पा माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, जरा सर की, मला बी बघू दे.

तुझ्या मायेची सदैव हक्कदार,
दानेश्वरी