भऱ्याचं बंदर

४ जानेवारी
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. आमच्या भरे गावातून उरवड्याकडे चौपदरी मालवाहतूक रस्ता येणार. कंटेनर थेट समुद्रावरच्या बंदरापर्यंत. हरकती-सूचना पाच फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत, पौडच्या कचेरीत.
गाव घाबरलं. मी नाही. पुणे वाढणारच. त्याला अडवायचं नसतं, वळण लावायचं असतं. मास्टर प्लॅन मी करणार. उरवड्याच्या कंपनीत बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. माल कुठं ठेवावा हे मला कुणी शिकवू नये.

६ जानेवारी
सुचलं! बंदराला समुद्र लागतोच असं नाही. ड्राय पोर्ट. कंटेनर इथेच भरायचे, इथेच सील करायचे. जागा: भऱ्याचा वरचा माळ. तो माझा आहे, हा योगायोग. रस्ता फक्त सातशे मीटर वाकवावा लागेल.
शुभांगी म्हणाली, त्या माळावर गवत धड येत नाही म्हणून आता बंदर आणताय का? बायको विकासविरोधी आहे.

११ जानेवारी
माळाखालचे धुळा आणि तानूबाई आले. दोनशे मेंढरं. रस्ता त्यांची पाण्यावर जायची वाट मधोमध कापतोय. तानूबाई म्हणाली, "चार लायनीतनं मेंढरं कशी न्यायची? खालनं एक बोगदा ठेवा म्हनावं." मी समजावलं, सुटे अर्ज द्यायचे नाहीत, त्यानं आपली बाजू कमकुवत होते. तुमचा बोगदा माझ्या प्लॅनमध्ये, पान नऊवर. धुळा म्हणाला, "तुमी हाय तर काळजी न्हाई, भाऊ." तानूबाई पदर खोचून मेंढरांकडे निघाली. भारावली असावी.

१९ जानेवारी
नकाशाचे रंग ठरवण्यात चार दिवस गेले. पोर्ट शेवटी जांभळा केला. उठून दिसतो.
पान नऊ अजून कोरं. बोगदा काय, किरकोळ काम.

२८ जानेवारी. सकाळी ७
निर्धार: काहीही झालं तरी आज पौडला जाऊन प्लॅन देणे.

२८ जानेवारी. संध्याकाळी
गेलो नाही. आंघोळ करताना जलमार्ग सुचला. मुळशी धरणातून बार्ज. शुभांगीनं विचारलं, पलीकडच्या काठाला उतरून कंटेनर काय करणार, डोंगर चढणार? दूरदृष्टीला घरात मान नसतो. नकाशा पहिल्यापासून.

५ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. शुभांगी म्हणाली, साध्या कागदावर चार ओळी लिहा आणि सरळ पौडला जा. साधा कागद! मी हिंजवडीला गेलो, सहा फुटी कलर प्रिंट काढायला. तीनला प्रिंट हातात. सव्वातीनला गाडी रस्त्यावर. चारला तिथंच, फक्त शेजारची कॅब बदललेली. हिंजवडीची कोंडी अठरा मिनिटांत कशी फोडायची ते मी पान चारवर लिहिलंय. पान चार मागच्या सीटवर होतं.
पौडला पोचलो पाच वाजून पन्नास मिनिटांनी. खिडकी बंद. शिपाई म्हणाला, "पाच म्हंजी पाच." मी पायरीवरच नकाशा उलगडला. त्यानं विचारलं, लग्नाचा फ्लेक्स हाय का?
हरलो नाही. यंत्रणा तयार नव्हती.
धुळाला योग्य वेळी सांगू.

१६ फेब्रुवारी
योग्य वेळ आली, कारण धुळा रस्त्यातच भेटला. त्याच्या घरी जाऊन सांगितलं, थोडी तांत्रिक अडचण झालीय. तानूबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचा अर्ज गेलाय. पल्लवीनं लिवला, मी एस्टीनं जाऊन दिला. लई दिस झालं." पल्लवी त्यांची मुलगी, कॉलेजात आहे. तिनं पोच दाखवली. अर्ज अर्धं पान. नकाशा नाही, परिशिष्ट नाही. धुळा जमिनीकडे बघत होता.
याला विश्वासघात म्हणतात. तरी मोठ्या मनानं दोघींना अर्जांच्या सुनावणीला गाडीतून न्यायचं कबूल केलं. तिथं ड्राय पोर्ट मांडणारच. बघू कोण अडवतो.

२७ फेब्रुवारी
सुनावणी. साहेबांनी यादी बघितली. माझं नाव नव्हतं. आपण कोण, म्हणाले. मी घसा साफ केला. तोवर तानूबाई बोलली, "त्यांच्या गाडीतनं आलोय." ड्रायव्हरनं बाहेर बसावं, असा आदेश झाला. निषेध म्हणून मी उभा राहिलो, दारात.
ती तीन मिनिटं बोलली. "रस्ता करा, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर मेंढराला कंटेनर कळत न्हाई. ती सकाळच्याला जात्यात, दुपारी पान्यावर येत्यात. उद्या मी नसले तरी तितनंच जानार." साहेबांनी नकाशा पुढं ओढला. तिथं रस्त्याखालून पावसाच्या पाण्याची मोरी होतीच. ती रुंद आणि उंच करू, मेंढरं जातील, असं म्हणून पेन्सिलीनं खूण केली आणि लेखनिकाला नोंद घ्यायला लावली. पल्लवीनं आईचा हात धरला.
परतताना गाडीत मी म्हणालो, माझंही हेच म्हणणं होतं. तानूबाई म्हणाली, "भाऊ, तुमच्यावर सोडलं असतं तर आमाला मेंढरं इकाय लागली असती." रागानं नाही. आज ऊन हाय म्हणावं, तसं.
याला माझ्याकडे सडेतोड उत्तर आहे. उद्या मुद्देसूद लिहितो.

२८ फेब्रुवारी
सकाळपासून वही उघडी आहे. शुभांगीनं विचारलं, काय लिहिताय? काही नाही म्हणालो.
खरंच काही नाही.